उरलेल्या साडेतीनशे दिवसांचा रस्ता

जुलै सरत आला की मराठी वाहिन्यांना कोकण आठवतं. खड्ड्यातल्या पाण्यात बूट बुडवून उभा असलेला वार्ताहर, मागे मुंबई-गोवा महामार्गावरचं वडखळ किंवा माणगाव, आणि तोंडी ठरलेलं वाक्य: यंदाही चाकरमान्यांचा प्रवास खडतर. मग मंत्र्यांचा पाहणी दौरा होतो. कंत्राटदाराला कॅमेऱ्यासमोर तंबी मिळते, ‘गणपतीआधी एक मार्गिका तरी’ असं आश्वासन निघतं, खड्ड्यांत खडी आणि पेव्हर ब्लॉक पडतात. पाठोपाठ टोलमाफीचे पास, अवजड वाहनांना बंदी, एसटीच्या जादा गाड्या, रेल्वेच्या विशेष फेऱ्या, आणि पक्षांच्या मोफत बसगाड्या, ज्यांच्यावर बाप्पापेक्षा नेत्याचा फोटो मोठा. गौरी-गणपती जातात. परतीच्या कोंडीची एक बातमी होते. पितृपक्ष लागला की मुंबई-गोवा महामार्ग बातम्यांतून उठतो, तो थेट पुढच्या आषाढात परत येतो.

रस्त्याबद्दल माझी तक्रार आहेच, पण त्याहून जास्त या चर्चेबद्दल आहे. गेली चौदा वर्षं हा रस्ता चतुर्थीला गावी जाणाऱ्याच्या नजरेतून मोजला जातोय, म्हणून त्यावरचे उपायही चतुर्थीपुरतेच निघतात. जो माणूस त्या रस्त्यालगत बाराही महिने राहतो, त्याला या सगळ्यात कोणी विचारत नाही. मी डोंबिवलीत राहतो, गावचं घर संगमेश्वर तालुक्यात. म्हणजे ज्याच्या नावाने हा गजर चालतो त्या जमातीतलाच. तरी सांगतो, आमचा त्रास वर्षातून दोन-तीनदाचा. गणपती, शिमगा, फार तर मे महिन्यात आंबे-फणस. बारा-चौदा तास गाडीत अवघडून बसलो तरी अंगण दिसलं, आंघोळ करून आरतीला उभं राहिलं, की निम्मा शीण तिथेच उतरतो. उरलेला मुंबईत परतल्यावर ऑफिसात सांगून सांगून उतरवतो. गावात राहणाऱ्याला हा हक्काचा श्रोताही नाही.

आधी रस्त्याचा हिशोब बघू. चौपदरीकरणातला पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पहिला टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे होता आणि त्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्याच्या खाली सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंतचं काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, तेही तुकडे पाडून वेगवेगळ्या कंत्राटदारांना. कर्नाळ्याला अभयारण्य आडवं आलं. कुठे वनखात्याची परवानगी अडली, कुठे भूसंपादन, कुठे कंत्राटदाराचेच पैसे संपले. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. सरकारने तिथे मुदती दिल्या, त्या हुकल्या, मग नव्या दिल्या. सिंधुदुर्गातला रस्ता बराच आधी झाला, तिथे गाडी घालताना बरं वाटतं हे खरंच. कशेडीचा बोगदा झाला, घाटातली वळणं वाचली. २०२३ मध्ये त्याची एक बाजू हलक्या वाहनांसाठी उघडली तीसुद्धा गणपतीच्या तोंडावरच. पण माणगाव आणि इंदापूरचे वळणरस्ते रखडलेले, संगमेश्वर-लांज्याकडचं काम कासवाच्या गतीने. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरचा उड्डाणपूल तर बांधता बांधता १६ ऑक्टोबर २०२३ला कोसळला. दिवसाउजेडी, भर वस्तीत.

आता याच पट्टीवर कोकण रेल्वे ठेवून बघा. महामंडळ १९९० साली स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ला रोहा ते मंगळूर ही सगळी लाइन देशाला अर्पण झाली. ७४१ किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, त्यातला करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा, आणि रत्नागिरीजवळ पानवलच्या नदीवर ६४ मीटर उंचीचा पूल. जिथे पायवाटसुद्धा नव्हती तिथे आठ वर्षांच्या आत रूळ पडले. जमीन तीच, पाऊस तोच, डोंगरातून खचणारी लाल मातीही तीच. रस्त्याच्या बाबतीत तर मुळात रस्ता होता. तो रुंद तेवढा करायचा होता.

सावित्रीचा पूल हे दुसरं उदाहरण, आणि ते काळजाला जास्त लागतं. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि काही खासगी वाहनं अंधारात थेट नदीत गेली. त्यातली काही माणसं सापडलीसुद्धा नाहीत. त्याच जागी नवा पूल पुढच्या जूनमध्ये वाहतुकीला खुला झाला. पावसाळा धरून दहा महिने. म्हणजे यंत्रणेला येत नाही असं अजिबात नाही. रस्ता पूर्ण तुटला, की यंत्रणा हलते. रस्ता निम्मा तुटलेला असला, गाडी कशीबशी रांगत पुढे जात असली, की तो चौदा वर्षंही चालवून घेतला जातो.

आणि तो चालवून घेण्याची सोय आमच्या गणपतीच्या ओरड्याने करून दिली आहे, असं माझं मत आहे. जरा कॅलेंडर समोर ठेवा. कोकणात रस्त्याचं पक्कं काम करायचे महिने म्हणजे दसऱ्यापासून मेअखेरपर्यंत. जून ते सप्टेंबर इथे जेवढा पाऊस पडतो तेवढा अर्ध्या महाराष्ट्राला अख्ख्या वर्षात मिळत नाही. त्यात डोंगर कापला तर दरड येते आणि डांबर टाकलं तर ते आठवड्यात सुटतं. आपण ओरडतो कधी? नेमके जुलै-ऑगस्टमध्ये, ज्या दिवसांत मनात आणलं तरी खड्डे बुजवण्यापलीकडे काही करता येत नाही. आणि नोव्हेंबर उजाडतो, यंत्रं चालायला हवीत, मजूर दिसायला हवेत, तेव्हा वार्ताहर नाही, मंत्री नाही, आम्हीही नाही. कंत्राटदाराला हे वेळापत्रक आपल्यापेक्षा चांगलं पाठ आहे. विसर्जनापर्यंत खड्डा तग धरला म्हणजे त्याचं भागलं. मी एकदा फेब्रुवारीत गावी जाताना मुद्दाम मोजत गेलो, की किती ठिकाणी प्रत्यक्ष काम चाललंय. मोजायला फार बोटं लागली नाहीत. एका ठिकाणी तर रोलरवर वेल चढलेला होता.

मग या रस्त्यावर राहतं कोण? २००१ आणि २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर. महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे आकसत होते. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बाया, सिंधुदुर्गात १०३६. या आकड्यावर कोणी कौतुकाने बोललं की मला हसू येतं. तो मुली वाचवल्याचा आकडा नाही, बाप्ये मुंबईला असल्याचा आहे. गिरण्या होत्या तोवर लालबाग-परळला, गिरण्या गेल्यावर नालासोपारा, दिवा, डोंबिवलीला. मागे राहिल्या बाया, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. रस्ता बांधताना आणि गाड्या सोडताना ज्यांचा विचार आधी व्हायला हवा ती हीच माणसं, आणि यांच्यातल्या बहुतेकांकडे स्वतःची चारचाकी नाही.

आमच्या वाडीतले एक काका आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. पहाटे चारला उठायचं. पेज घ्यायची, तीही मोजून, कारण पाणी मोजून. मग पुतण्याच्या बाइकवर मागे बसून तिठ्यापर्यंत यायचं. तिथून कधी एसटी, ती आली नाही तर ओळखीची रिक्षा, तीही नाही तर मुंबईकडून येणाऱ्या एखाद्या टेम्पोला हात. डायलिसिसच्या मशीनला वेळ ठरलेली असते. तास उशीर झाला तर पुढचा पेशंट तिथे आडवा झालेला असतो आणि यांना संध्याकाळपर्यंत बाकावर बसावं लागतं. सुई निघाल्यावर माणूस गळून जातो, आणि त्या अवस्थेत उखडलेल्या रस्त्यावरून परत. काकांना मी विचारलं, गणपतीत कसं करता? ते म्हणाले, ‘गणपतीत बरं असतं रे, तेव्हा खड्डे भरलेले असतात. गर्दी असते, पण मग आम्ही तीनलाच निघतो.’ वर्षातले पंधरा दिवस खड्डे भरलेले असतात यात त्यांना समाधान होतं. मला तिथे काय बोलावं ते सुचलं नाही.

सिंधुदुर्गात तर दुखणं जरा मोठं निघालं की रुग्णवाहिका कुठे वळते? गोव्याला. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला मुंबईच्या केईएमपेक्षा बांबोळी जवळची, आणि हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आता निघाली आहेत, ती भरभरून चालोत. तोपर्यंत तिथल्या माणसाच्या आयुष्यात महामार्गाचा जो तुकडा निर्णायक आहे तो झाराप ते गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीचा. मुंबईकडून चाललेल्या चर्चेत त्या तुकड्याचं नावही निघत नाही.

जिथे नवा रस्ता झालाय तिथली गोष्ट आणखी वेगळी. चौपदरी रस्ता झाला की आमच्यासारखे गाडीवाले खूश. पण पूर्वी जो रस्ता गावातून जायचा तो आता गावाला मधोमध कापून जातो. शाळा इकडे, वाडी तिकडे. देऊळ इकडे, काजूची बाग तिकडे. पुढच्या पुलाखालून वळसा घालायचा तर दोन किलोमीटर चाल. मग सगळे दुभाजकाच्या तुटक्या जागेतून पळत ओलांडतात, डोक्यावर गवताचा भारा असलेली बाईसुद्धा, आणि दोन्हीकडून गाड्या शंभरच्या वेगाने. उड्डाणपूल झालेल्या गावांत तर थांबाच हरवला. लांब पल्ल्याची एसटी वरून निघून जाते, किंवा पुलाच्या अलीकडे भर उन्हात माणसांना उतरवून देते. जुन्या थांब्यावरचा वड रुंदीकरणात गेला, त्याच्याभोवतीचा पार गेला, चहाची टपरी गेली. नवी निवाराशेड कुठे झाली तर ती गाडी थांबते तिथून चार-पाचशे मीटर पुढे. आराखडा करणाऱ्याने त्या गावात एक सकाळ उभं राहून बघितलं असतं तर हे झालं नसतं. पण त्याच्या कागदावर हा ‘मुंबई ते गोवा’ रस्ता आहे. मधली गावं हा त्यातला अडथळा.

सेवारस्ता आणि भुयारी मार्ग मागण्यासाठी या गावांनी ठराव केले, निवेदनं दिली, काही ठिकाणी रास्ता रोकोही झाले. मुंबईच्या वाहिन्यांवर तेव्हा बातमी काय चालते? ‘आंदोलनामुळे पर्यटकांचा खोळंबा.’

आता जादा गाड्यांकडे येऊ, कारण सरकारच्या खात्यावर सगळ्यात मोठं पुण्य तेच जमा होतं. २०२५च्या गणपतीला एसटीने पाच हजारांवर जादा गाड्या सोडण्याची घोषणा केली. मोठाच आकडा, आणि चालक-वाहकांना सलाम. ते बिचारे स्वतःचा गणपती सोडून आमचा गणपती गाठून देतात. पण या गाड्या आभाळातून पडत नाहीत. राज्यभरातल्या आगारांतून त्या उचलल्या जातात, आणि ज्या फेऱ्या मोडून त्या येतात त्या कुठल्या तरी गावच्या असतात. कुठल्या तरी तालुक्यात तेवढे दिवस वस्तीची गाडी जात नाही, कॉलेजच्या पोरांना दहा किलोमीटर चालत यावं लागतं, बाजारला निघालेली म्हातारी तिठ्यावर ताटकळून घरी परतते. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे, मार्च २०२३पासून बायकांना निम्मं तिकीट. दोन्ही निर्णय चांगले, मी त्यांच्या बाजूचा आहे. पण आडगावात ही सवलत वापरायला आधी गाडी यावी लागते. दिवसाला दोन फेऱ्या, त्यातली एक ‘आज नाही येणार’. आजीच्या पाकिटात आधारकार्ड आहे, सवलत आहे, गाडी तेवढी नाही.

रेल्वेचंही तेच. गणपतीचं आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं आणि चहा थंड व्हायच्या आत वेटिंगवर जातं. मग विशेष गाड्या जाहीर होतात, शेकड्यांनी फेऱ्या. त्या धावतात कुठून? रोहा ते वीर हा पट्टा २०२१ मध्ये दुपदरी झाला, तेवढा सोडला तर खालची लाइन जवळजवळ सगळी एकेरीच. एकेरी रुळावर गाड्या वाढवल्या की सगळ्याच गाड्या एकमेकींना क्रॉसिंग देत कुठल्या तरी बारक्या स्टेशनात उभ्या. वर्षभर तिथल्या माणसाला काय हवंय, तर चिपळूण-खेडहून रत्नागिरीला, कणकवली-कुडाळहून सावंतवाडीला रोज जाऊन येऊन नोकरी-कॉलेज करता येईल अशा वेळेच्या साध्या गाड्या. त्या नाहीत. कोकणातून धडधडत केरळकडे जाणाऱ्या गाड्यांचे इथे थांबे मोजके. रत्नागिरी-दादर पॅसेंजर कोरोनाच्या टाळेबंदीनंतर दादरला येईनाशी झाली, ती दिव्यातच संपते. दिव्याच्या पुलावर पेट्या, फणस आणि म्हातारी आई सांभाळत लोकल पकडायची म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. सावंतवाडी टर्मिनसची पायाभरणी २०१५ मध्ये झाली, ते अजून टर्मिनस म्हणण्याजोगं झालेलं नाही. दुपदरीकरणाला महामंडळाच्या तिजोरीत पैसा नाही, म्हणून भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिली. ही खरी बातमी होती. दोन दिवसांत विरून गेली, कारण गणपती तेव्हा लांब होते.

त्याऐवजी गाजलं काय, तर गाड्या वाहून नेणारी रो-रो. कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्याला तुमची मोटार रेल्वेवर चढवून न्यायची, एका बाजूचे ७,८७५ रुपये, सोबतच्या माणसांचं तिकीट वेगळं. कल्पना वाईट नाही. पण कोलाड गाठायला आधी पनवेल-वडखळ-नागोठणे पार करायचं, म्हणजे कोंडीचा सगळ्यात कुप्रसिद्ध पट्टा आपला आपणच काढायचा. आणि ज्याला चिपळूणला उतरायचंय त्याने वेर्ण्याला जाऊन काय करायचं? प्रतिसाद बेताचाच मिळाला, यात नवल नाही.

या सगळ्यावर माझे मित्र दोन गोष्टी सुनावतात. एक म्हणजे, गणपतीची ओरड नसती तर पंधरा दिवसांपुरते खड्डेसुद्धा भरले नसते. खरं आहे. मुंबईतल्या मराठी मतदाराचं वजन आहे म्हणून मंत्री वडखळच्या चिखलात उतरतो. वाडीतल्या आजीसाठी उतरला नसता. म्हणून ओरड बंद करा असं मी म्हणतच नाही. ती चार महिने पुढे ढकला, एवढंच म्हणतो.

दुसरं जास्त अवघड आहे. ते म्हणतात, सगळा दोष सरकारवर ढकलू नका, जमीन कोणी अडवली? इथे मला मान डोलवावी लागते. कोकणातला सातबारा ज्याने हातात धरलाय त्याला कळेल. पाच गुंठ्यांच्या तुकड्यावर पणजोबांपासूनची नावं, चाळीस-चाळीस हिस्सेदार, त्यातले निम्मे मयत, वारस तपास झालेला नाही, एक आत्या बडोद्याला, एक चुलता कधीचा घर सोडून गेलेला. त्यात कुळाचं नाव इतर हक्कात. मोबदल्याची नोटीस गावच्या बंद घराच्या कडीला अडकवलेली, आणि घर उघडणार ते चतुर्थीला. दोन भावांचा वाद, सामाईक क्षेत्र, मग पैसे न्यायालयात जमा आणि ताबा लटकलेला. मी स्वतः असे सातबारे पाहिलेत, आमच्याच भावकीतले. पण यातून काय निघतं? हेच, की ज्या जमिनीवर रस्ता व्हायचा तिचे निम्मे मालक मुंबईत आहेत. मग तहसीलदाराच्या माणसांनी महामार्गाच्या वारस नोंदींसाठी दादरला, ठाण्याला, विरारला शिबिरं का घेऊ नयेत? मतदारयाद्यांसाठी घरोघर फिरता येतं, तर आंबेडाच्या नाहीतर लांज्याच्या हिस्सेदारांच्या सह्यांसाठी एका रविवारी परळमधल्या एखाद्या सभागृहात टेबल टाकता येत नाही? ज्या पक्षांना मोफत बस सोडता येतात त्यांनी चहा-बिस्किटांचा खर्च उचलावा.

हा रस्ता पुरा व्हायच्या आधीच पुढचे रस्ते कागदावर धावू लागलेत, त्याचीही मला धास्ती वाटते. रेवस-रेड्डी सागरी महामार्ग हे माजी मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळातलं स्वप्न, त्याला पुन्हा हवा दिली जातेय. मुंबई-सिंधुदुर्ग द्रुतगती महामार्ग वेगळा. वर्ध्याहून पत्रादेवीला उतरणारा शक्तिपीठ महामार्ग वेगळा, आठशे किलोमीटरचा, आणि त्याविरुद्ध कोल्हापूर-सांगलीचे शेतकरी उभे. नवा रस्ता जाहीर करायला नारळ पुरतो. माणगावचा वळणरस्ता पुरा करायला रोज साइटवर जावं लागतं. सागरी रस्त्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. खाड्यांवरचे पूल झाले तर दापोली-गुहागर-राजापूरच्या किनाऱ्यावरच्या माणसाचे तासन्‌तास वाचतील. पण ज्या सरकारी यंत्रणेला एक रस्ता चौदा वर्षांत पुरा करता आला नाही, तिने आणखी तीन काढले की त्या तिन्हींवर तेच मजूर, तेच अभियंते, तीच खडी विभागली जाणार. पुन्हा कोकणचा डोंगर किती ठिकाणी कापायचा यालाही काही हद्द आहे. परशुराम घाटातल्या दरडी आणि जुलै २०२१चा चिपळूणचा पूर अजून कोणी विसरलेलं नाही. त्या पुरात वाशिष्ठीच्या पुलाचा जोडरस्ताच वाहून गेला होता.

मग करायचं काय? मला विचाराल तर मागण्या फार मोठ्या नाहीत. माणगाव आणि इंदापूरचे वळणरस्ते आधी, बाकी सगळं नंतर. प्रत्येक टप्प्यावर कुठल्या महिन्यात किती काम झालं याचा फलक, तोही मंत्रालयात नव्हे, त्या त्या गावच्या तिठ्यावर, म्हणजे खोटं लिहिलं तर तिथेच कळेल. जिथे रस्त्याने गाव कापलं तिथे भुयारी मार्ग झाल्याशिवाय कंत्राटदाराचं शेवटचं बिल निघू नये. दादरची पॅसेंजर दादरला. जादा एसटी काढताना जी गाडी ज्या गावची, तिथली शाळा-कॉलेजची आणि वस्तीची फेरी मोडू नये. त्यासाठी भाड्याने गाड्या घ्याव्या लागल्या तरी घ्याव्यात. आणि मंत्र्यांचा पाहणी दौरा ठेवायचाच, तर तो फेब्रुवारीत ठेवावा. ताफ्यातून नव्हे, पनवेलहून साध्या एसटीने, एखाद्या मंगळवारी, राजापूरपर्यंत.

हे सरकारकडून आपोआप होणार नाही, हे मलाही कळतं. दबाव हवा, आणि तो लावू शकेल अशी एक यंत्रणा आमच्याकडे शंभर वर्षांपासून तयार आहे: प्रत्येक गावाचं मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ. एखाद्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो, कोपऱ्यात ट्रंका आणि ढोलकी, महिन्याच्या एका रविवारी सभा. याच मंडळांनी गावोगाव देवळांचे जीर्णोद्धार केले, शाळेच्या खोल्या बांधल्या, नळपाणी योजनांना पैसे दिले. आज बहुतेक सभांत विषय असतात ते देवळाचा रंग, पालखीचे मानकरी, क्रिकेटचे सामने आणि गणपतीची बस कोण सोडणार. आमच्या मंडळाच्या डिसेंबरच्या सभेत मी तीन विषय लेखी दिलेत: वस्तीची गाडी, शाळेसमोरचा भुयारी मार्ग, आणि महामार्गात गेलेल्या जमिनींच्या वारस नोंदी. सेक्रेटरींनी कागद वाचला, घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘घेऊ की. पण आधी कळसाचा विषय, तो दोन सभांपासून लटकलाय.’ मी म्हटलं, चालेल, कळसानंतर घ्या, पण त्याच दिवशी.